बी सगळीकडे पडते, रुजते मात्र ठरावीक मातीत: मूत्राशयाचा कर्करोग आणि स्नायूंचे कोडे

१/
कामशेतहून पवना खोऱ्याकडे निघाले की बेडसे गाव लागते. पावसाळ्यात गावाभोवतीच्या खाचरांत भाताची लावणी चाललेली असते. वर डोंगराच्या कड्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले चैत्यगृह पूर्वेकडे तोंड करून उभे आहे. वारा आणि पाखरे बी दोन्हीकडे नेतात. खाचरातल्या चिखलात ते चार दिवसांत तरारते, कड्याच्या उघड्या कातळावर वाळून जाते.

२/
मावळातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र कर्करोगाच्या बाबतीत ही गोष्ट उमगायला १८८९ साल उजाडावे लागले, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. हा धागा त्या प्रवासाचा आहे. प्रश्न असा: मूत्राशयाचा कर्करोग शरीरभर पसरतो, मग हातापायांच्या आणि पाठीच्या स्नायूंत तो इतका क्वचित का आढळतो?

३/
आधी कोडे नीट मांडू. माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग कंकालस्नायूंचा, म्हणजे हाडांना जोडलेल्या आणि आपल्या इच्छेने हलणाऱ्या स्नायूंचा असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. धावताना हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत चढते. रक्ताबरोबर कर्करोगाच्या पेशी वाहत असतील, तर सर्वाधिक गाठी स्नायूंतच दिसायला हव्यात.

४/
प्रत्यक्षात उलटे घडते. मूत्राशयाचा कर्करोग दूर पसरतो तेव्हा तो बहुधा लसिकाग्रंथी, फुप्फुसे, यकृत आणि हाडे गाठतो. मांडीच्या, नितंबाच्या, पाठीच्या किंवा कमरेच्या आतल्या स्नायूत त्याची गाठ सापडली, तर डॉक्टर ती घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवण्याजोगी मानतात. इतकी ती दुर्मीळ आहे.

५/
येथे एक गोंधळ दूर करायला हवा. मूत्राशयाच्या अहवालात ‘स्नायूपर्यंत पोचलेला कर्करोग’ असे शब्द येतात. तो स्नायू मूत्राशयाच्या स्वतःच्या भिंतीतला असतो, आपल्या इच्छेने न हलणारा. निदानाच्या वेळी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत रोग या भिंतीत शिरलेला असतो, म्हणजे ही बाब दुर्मीळ नाही. या धाग्याचा विषय दुसरा आहे: मूत्राशयापासून दूर, हाडांवरच्या स्नायूत उगवलेली गाठ.

६/
आता मागे जाऊ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदांचे, म्हणजे वाढत जाणाऱ्या गाठींचे प्रकार दिले आहेत. त्यांत ‘मांसार्बुद’ आहे. मुठीचा प्रहार वगैरे आघाताने मांस दूषित होऊन दगडासारखी कठीण, न दुखणारी, न हलणारी गाठ होते, असे त्याचे वर्णन आहे. हे अर्बुद असाध्य मानले आहे.

७/
त्याच अध्यायात ‘अध्यर्बुद’ हा शब्द येतो, आधीच्या अर्बुदावर झालेले दुसरे अर्बुद. ‘द्विरर्बुद’ म्हणजे जोडीने किंवा पाठोपाठ उद्भवलेली दोन अर्बुदे. आजचे काही लेखक त्यात कर्करोगाच्या दूरस्थ प्रसाराचे ज्ञान शोधतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध असावे. त्या ग्रंथात पेशी नाही, रक्तातून वाहून गेलेल्या कणाची कल्पना नाही. एकीजवळ दुसरी गाठ दिसली, आणि अशा रोग्याची आशा उरत नाही, एवढे निरीक्षण मात्र आहे. निरीक्षण म्हणून ते मोलाचेच आहे.

८/
युरोपातही शतकानुशतके कर्करोग हा शरीरातील ‘काळ्या पित्ता’चा विकार समजला जाई. रोग सर्व देहात भिनलेला असेल, तर दुसरी गाठ कोठून आली हा प्रश्नच उरत नाही. ती आतल्या दूषित रसातून आपोआप उद्भवली, असे उत्तर तयार होते. प्रश्न विचारण्यासाठी आधी हे उत्तर मोडावे लागले.

९/
१८२९ मध्ये पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी कर्करोगाच्या संदर्भात ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्थानबदल. १८३८ मध्ये योहानेस म्युलर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की गाठी पेशींच्या बनलेल्या असतात. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते, हा विचार रूढ केला.

१०/
गंमत अशी की दूरच्या गाठीच्या बाबतीत खुद्द फिर्खो जुन्या कल्पनेच्या जवळ राहिले. मूळ गाठीतून काही रस वाहत जातो आणि तो तेथल्या पेशींना बिघडवतो, असे त्यांना वाटे. पेशी स्वतःच प्रवास करतात, हे प्रतिपादन कार्ल थिएर्श आणि विल्हेल्म वाल्डायर यांनी १८६०च्या दशकात पुढे आणले.

११/
त्याच दशकाच्या शेवटी, १८६९ मध्ये, मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात त्याच्या गाठीतील पेशींसारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली. बी वाऱ्यावर उडताना प्रथमच कोणाला दिसले होते. पण बी उडते हे कळले म्हणजे ते कोठे रुजेल हे कळले असे नव्हे.

१२/
या टप्प्यावर स्टीफन पॅजेट येतात. त्यांचे वडील सर जेम्स पॅजेट हे व्हिक्टोरियन इंग्लंडमधले नामांकित शल्यचिकित्सक. ‘पॅजेटचा रोग’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुलाकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्याच्याकडे नोंदी होत्या. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि कोणत्या अवयवात किती वेळा दुय्यम गाठ सापडली ते मोजले.

१३/
बेडशाच्या लेण्यांचा अभ्यास करणारा हेच करतो. तेथले शिलालेख अगदी त्रोटक आहेत. नाशिकच्या श्रेष्ठी आनंदाच्या पुत्राचे, पुष्यणकाचे दान. पाण्याच्या टाक्यासाठी महारठिनी सामडिनिकेचे दान. अरण्यात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या एका भिक्षूचा स्तूप. एकटी ओळ फार काही बोलत नाही. अनेक ओळी शेजारी ठेवल्या की कोण कोठून आले आणि कोणी काय दिले, याचा नकाशा उभा राहतो. पॅजेट यांनी मृत्यूच्या नोंदींचा असा नकाशा काढला.

१४/
नकाशा विषम निघाला. यकृतात दुय्यम गाठी २४१ जणींमध्ये होत्या, प्लीहेत अवघ्या १७. प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते. केवळ योगायोगाने किंवा रक्ताच्या वाटेने पेशी अडकत असत्या, तर इतका फरक पडला नसता. १८८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पॅजेट यांनी मत मांडले: पेशी हे बी आहे आणि अवयव ही माती. बी सगळीकडे जाते, पण मानवणारी माती मिळाली तरच वाढते. ही कल्पना आपल्याआधी एर्न्स्ट फुख्स यांनी मांडली होती, असे श्रेय देण्यासही ते विसरले नाहीत.

१५/
लेखातला त्यांचा मुद्दा आजही नव्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. जो तो बियाचाच अभ्यास करीत होता, सूक्ष्मदर्शकाखाली गाठीतील पेशी न्याहाळीत होता. मातीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

१६/
तरी त्यांचे म्हणणे मागे पडले. १९२८ मध्ये अमेरिकेतील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी सोपे स्पष्टीकरण दिले: रक्तवाहिन्यांची रचनाच सर्व ठरवते. वाटेत पहिली बारीक चाळणी जेथे लागेल तेथे पेशी अडकणार. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी ओटीपोटातील शिरा आणि पाठीच्या कण्याभोवतीचे शिराजाल यांची जोड दाखवली. ओटीपोटातील कर्करोग फुप्फुसे टाळून थेट मणक्यांत कसे पोचतात, याचे उत्तर त्यात मिळाले. वाट महत्त्वाची असते, हे खरेच होते.

१७/
मूत्राशयाच्या बाबतीत आणखी एक मोजणी झाली. १९४६ मध्ये ज्युएट आणि स्ट्राँग यांनी १०७ शवविच्छेदनांच्या आधारे दाखवले की रोग मूत्राशयाच्या भिंतीत जितका खोल शिरलेला, तितकी तो बाहेर पसरण्याची शक्यता मोठी. आजच्या डॉक्टरांचा ‘किती खोल?’ हा पहिला प्रश्न याच परंपरेतला आहे.

१८/
परंतु स्नायूंचे कोडे युइंग यांच्या चाळणीत बसेना. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे अफाट आहे. पेशी तेथे अडकायलाच हव्यात. कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनांत स्नायूंतील गाठींचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत एक टक्क्याहून कमी ते साडेसतरा टक्क्यांपर्यंत आढळले. फरक एवढा मोठा, कारण नेहमीच्या शवविच्छेदनात प्रत्येक स्नायू कापून पाहिला जात नाही. जे शोधले जात नाही ते नोंदीत येत नाही, आणि जे नोंदीत नाही त्याला ‘दुर्मीळ’ म्हणण्याची घाई होते. हा इशारा इतिहासालाही लागू आहे.

१९/
तरीही सर्वांत मोठा आकडा धरला, तरी यकृत आणि फुप्फुसांच्या तुलनेत स्नायू मागेच राहतात. आणि त्यांतल्या पुष्कळ गाठी सूक्ष्म, जिवंतपणी कधीही न जाणवलेल्या. म्हणजे दुर्मीळता खरी होती, तिचे कारण हवे होते.

२०/
१९७० मध्ये आयझेया फिडलर यांनी कर्करोगाच्या पेशींना किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. एका दिवसात बहुतेक सर्व मेल्या. हजारात एकहून कमी पेशी अखेर गाठ निर्माण करू शकल्या. रक्तात पोचणे ही सुरुवात असते, त्यापुढची वाट बहुतेक बियांना पार करता येत नाही.

२१/
मग १९८० मध्ये इयन हार्ट आणि फिडलर यांनी जो प्रयोग केला, त्याची जागा लक्षात घ्यावी: मांडीचा स्नायू. उंदराच्या स्नायूत त्यांनी फुप्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे रुजवले. नंतर त्वचेच्या एका कर्करोगाच्या पेशी शिरेतून सोडल्या. फुप्फुस आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी उगवल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाहीत, आणि नुसत्या शस्त्रक्रियेच्या जखमेतही नाहीत.

२२/
रक्ताचा मार्ग सर्व तुकड्यांसाठी तोच, शेजारही तोच. बदलली होती ती माती. पॅजेट यांचे बोलणे ९१ वर्षांनी प्रयोगाने खरे ठरले. युइंगही पूर्ण चुकले नव्हते. पेशी कोठे पोचेल हे पुष्कळदा वाट ठरवते, पोचल्यावर काय होईल हे माती ठरवते.

२३/
मग स्नायूच्या मातीत आहे तरी काय? पहिले उत्तर हालचालीचे. १९८९ मध्ये लिओनार्ड वाइस यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले की आकुंचन पावणाऱ्या स्नायूच्या केशवाहिन्यांत अडकलेल्या पेशी चिरडून फुटतात. दुसरे उत्तर रसायनाचे: राबणाऱ्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते आणि तेथली आम्लता सतत वरखाली होते. अशा जागी परक्या पेशीला बस्तान बसवणे कठीण.

२४/
२०२२ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी तिसरे उत्तर पुढे केले. उंदरांमध्ये पेशी स्नायूपर्यंत पोचतात आणि तेथे काही काळ जिवंतही राहतात, वाढत मात्र नाहीत. स्नायूतील तीव्र ऑक्सिडीकारक ताण त्यांना डोके वर काढू देत नाही. त्या पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे ‘कॅटॅलेज’ हे विकर जास्त प्रमाणात दिले, तेव्हा त्या स्नायूतही वाढू लागल्या. कातळावर मातीचा थर टाकला की बी उगवते, तसेच हे.

२५/
आता मुंबई. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनहून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेल्या या माणसाला पुढे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हटले गेले.

२६/
खानोलकरांची दृष्टी मातीकडे होती. १९४५ मध्ये सूर्याबाईंसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या सवयींशी निगडित कर्करोगांचे प्रकार नोंदवले. त्यांतला एक कमरेवरचा, वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या काठाखालचा. रोग देहात असतो, पण देह एका समाजात राहतो, त्याचे कपडे घालतो, त्याची तंबाखू चघळतो. पॅजेट यांची माती खानोलकरांनी घराघरापर्यंत नेली.

२७/
त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे पुण्याच्या. जन्म १९१७, शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन. कृषी महाविद्यालयात त्यांनी एम.एस्सी.साठी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतून त्यांनी मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. झाडांपासून सुरुवात केलेल्या बाईंनी बी काचपात्रात वाढवून दाखवले.

२८/
नोंदींचे काम याच शहरात मूळ धरू लागले. १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी आली. गावात रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोचणारा माणूस कोणत्याही आकड्यात नसतो. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी म्हणून गावोगाव जाऊन लोकांना भेटून नोंदी केल्या.

२९/
मूत्राशयाच्या रोगांचा महाराष्ट्रातील एक विलक्षण अध्याय मात्र कोकणातला आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले. नाईलच्या खोऱ्यात माहीत असलेला हा रोग कोकणातल्या पाण्यात! खूण एकच: लघवीतून रक्त. पाण्यातल्या एका छोट्या गोगलगायीतून हा परजीवी माणसापर्यंत येतो, असा निष्कर्ष पुढे निघाला.

३०/
याचे महत्त्व समजायला जगाकडे पाहावे लागते. १८५१ मध्ये कैरोत थिओडोर बिलहार्झ यांनी हा परजीवी शोधला. १९११ मध्ये फर्ग्युसन यांनी इजिप्तमध्ये त्याचा आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा संबंध मांडला. दरम्यान १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील मजुरांत मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या होत्या. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी त्या रंगोद्योगातील एका रसायनाने कुत्र्यांमध्ये हाच रोग निर्माण करून दाखवला. आज या कर्करोगाचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण धूम्रपान आहे.

३१/
या सर्वांतून एक साधे सत्य दिसते. मूत्र हे शरीराने गाळून टाकलेल्या विषांचे साठवण आहे, आणि मूत्राशयाचे अस्तर त्या विषांत तासन् तास भिजत राहते. बी येथे तयार होते. पुढचा प्रश्न ते कोठे पडेल याचा.

३२/
स्नायूंतील गाठी आता पूर्वीपेक्षा अधिक सापडू लागल्या, कारण पाहण्याची साधने बदलली. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मागोमाग एमआरआय आणि पेट स्कॅन आले. भारतातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत, परळच्या किरणोत्सार औषध केंद्रात बसले. संपूर्ण देहाचे चित्र एकाच वेळी मिळू लागले, आणि ज्या स्नायूंकडे कोणी पाहतच नव्हते ते उजेडात आले.

३३/
यात खरी जोखीम आहे ती चुकीच्या नावाची. मांडीत किंवा पाठीत दुखणारी गाठ दिसली की घरचे म्हणतात, मुका मार लागला असेल, तेल चोळा. तपासणीत ती गळू वाटू शकते, शिरेतली रक्ताची गुठळी वाटू शकते, किंवा स्नायूतच जन्मलेला सार्कोमा वाटू शकतो. सार्कोमाला मोठी शस्त्रक्रिया लागते. मूत्राशयातून आलेली गाठ म्हणजे रोग रक्तातून पसरल्याची खूण, तिला सर्व शरीरावर काम करणारे औषध लागते. सुईने घेतलेला छोटा तुकडा आणि तो पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ, एवढ्यावर हा निर्णय उभा असतो.

३४/
म्हणून मूत्राशयाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या माणसाच्या स्नायूत नवी गाठ आली, तर आधीचा आजार डॉक्टरांना सांगणे हीच मोठी मदत असते. अशा गाठी बहुधा पुढच्या टप्प्यातल्या असतात आणि त्यांचे भवितव्य कठीण असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बरोबर नाव मिळाले तर वेदना कमी करता येते, निष्फळ शस्त्रक्रिया टळते, उरलेला काळ योग्य उपचारात जातो.

३५/
मार आणि गाठ यांचा संबंध मात्र पुरता मिटलेला नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी पूर्वी इजा झाल्याची नोंद असलेल्या जागीच स्नायूंत दुय्यम गाठी आढळलेल्या रुग्णांचे वृत्त दिले. हार्ट आणि फिडलर यांच्या उंदरांत नुसत्या जखमेत काही उगवले नव्हते. म्हणजे इजा पुरेशी नसावी, क्वचित मदत करीत असावी. सुश्रुतसंहितेतील मुठीचा प्रहार येथे आठवतो. तो पुरावा नव्हे. एकाच ठिकाणी दोन काळांतल्या माणसांची नजर थबकली, एवढेच.

३६/
पुन्हा बेडसे. लेण्यांचा कातळ रोपाला थारा देत नाही, पण जेथे त्याला भेग पडते आणि भेगेत चिमूटभर माती साठते, तेथे पिंपळ उगवतो. पुरातत्त्वाची देखभाल करणारे तो लहान असतानाच काढतात, कारण मुळे खोल गेली की दगड फुटतो. अपवाद दुर्मीळ असतो, म्हणून तो पाहायचाच नाही, असे ते करीत नाहीत.

३७/
कर्करोगाच्या इतिहासातही ज्यांनी अपवादांची नोंद ठेवली त्यांनीच नियम शोधला. पॅजेट यांनी प्लीहेतल्या १७ नोंदी गाळल्या असत्या, तर यकृतातल्या २४१ नोंदींचा अर्थ लागला नसता. स्नायू कर्करोगाला का थोपवतात, हे पुरते कळेल त्या दिवशी तीच युक्ती फुप्फुसाला आणि यकृताला शिकवता येईल का, हा आजच्या संशोधकांपुढचा प्रश्न आहे.

३८/
आणि एक गोष्ट इतिहासाबाहेरची, पण प्रत्येक घरासाठी. १९५२ मध्ये गिमवीत जी खूण डॉक्टरांना रोगापर्यंत घेऊन गेली, तीच आजही मूत्राशयाच्या कर्करोगाची सर्वांत नेहमीची पहिली खूण आहे: लघवीतून रक्त, बहुतेक वेळा न दुखता. ते एकदाच दिसून थांबले, तरी तपासून घ्यावे. बी पसरण्याआधी सापडले, तर मातीचा प्रश्नच उरत नाही.

(धागा समाप्त)